उंच आकाशातील कोरडी हवा आणि त्वचेची निगा

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा आरंभ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये झाला. पुढील अनेक दशके येथील विमानसेवा सुरू होत आणि बंद पडत राहिली. २०१८ पासून ‘उडान’ योजनेमुळे ती पुन्हा मार्गी लागली आणि २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारतही उभी राहिली. विमानातील नोकरी आता कोल्हापूरकरांना केवळ मुंबई-पुण्याची गोष्ट वाटत नाही. मात्र ‘हवाई सुंदरी’ या जुन्या शब्दाने या व्यवसायाविषयी एक गैरसमज रुजवून ठेवला आहे. केबिन कर्मचाऱ्यांचे मुख्य काम प्रवाशांच्या सुरक्षिततेचे असते. तरीही नीटनेटका, ताजातवाना चेहरा राखण्याचे दडपण त्यांच्यावर असतेच, आणि तेही त्वचेला सर्वाधिक जाचणाऱ्या हवेत.

सुमारे ३५,००० फुटांवर बाहेरचे तापमान उणे ५० अंशांच्याही खाली जाते. इतक्या थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. हीच हवा दाबून, योग्य तापमानाला आणून विमानात सोडली जाते. परिणामी लांब पल्ल्याच्या विमानात आर्द्रता बहुधा १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान राहते. पावसाळ्यात ८०-९० टक्के आर्द्रतेत वावरणाऱ्या कोल्हापूरकराला हा फरक तासाभरात जाणवतो. आतील हवेचा दाबही कमी असतो. तो ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका खाली येऊ शकतो. कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे आहे, म्हणजे हे कर्मचारी राज्यातील सर्वोच्च शिखराहूनही विरळ हवेत रोज आठ-दहा तास उभे राहून काम करतात. उजळाईवाडीला येणाऱ्या एटीआर जातीच्या लहान विमानांची उड्डाणे कमी उंचीची व कमी वेळाची असतात, त्यामुळे तेथे हा त्रास तुलनेने कमी होतो. पण एका दिवसात चार-पाच फेऱ्या झाल्या की तोही साठत जातो.

त्वचेचा सर्वात बाहेरचा थर हा मृत पेशी आणि त्यांना सांधणारे स्निग्ध पदार्थ यांचा बनलेला असतो. विटा आणि चुना यांच्या भिंतीसारखी त्याची रचना असते. कोरड्या हवेत या भिंतीतून पाणी उडून जाते. साबणाने आणि कढत पाण्याने तर चुनाच विरघळतो. मग चेहरा ओढल्यासारखा वाटतो, ओठ उलतात, हातांच्या सांध्यांवर बारीक भेगा दिसू लागतात. उपाय त्यामुळे साधा आहे: भिंत खरवडू नये आणि तिच्यावर लेप द्यावा. कामावर जाण्यापूर्वी कोमट पाण्याने, सौम्य साबणविरहित द्रवाने चेहरा धुवावा आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मलम लावावे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पण अतिशय कोरड्या हवेत त्यावर पेट्रोलियम जेलीसारखा पदार्थ नसेल तर त्याचा पुरता उपयोग होत नाही. ओठांसाठी व टाचांसाठी कोकणातून घाटावर येणारे कोकमाचे तेल, म्हणजेच भिरंडेल, आजही उत्तम. महागड्या डब्यांची येथे गरज नाही.

प्रवासात चेहऱ्यावर वारंवार गुलाबपाणी शिंपडण्याची पद्धत मात्र उपयोगाची नाही. ते पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि त्वचा होती तशीच कोरडी राहते. पाणी पिण्याबाबतही अतिशयोक्ती फार होते. घसा कोरडा पडतो म्हणून पाणी प्यावेच. पण पोटात गेलेले दोन लिटर पाणी गालावरचा कोरडेपणा भरून काढील, अशी अपेक्षा बाळगू नये.

हातांची स्थिती चेहऱ्याहून वाईट असते. २०२० च्या करोनाकाळानंतर निर्जंतुक द्रवाचा वापर वाढला, त्यात जेवणाच्या ताटल्या, गरम पेये, हातमोजे यांची भर. ओल्या हातांवर मोजे चढवल्यास कातडी सोलवटते, म्हणून हात पूर्ण कोरडे करूनच मोजे घालावेत आणि प्रत्येक फेरीनंतर हातांना मलम लावावे. पुरळ मनगटाशी किंवा कॉलरखालीच उठत असेल, तर गणवेशाच्या कापडाचा, रंगाचा किंवा धातूच्या बिल्ल्याचा संशय घ्यावा.

दिवसभराचा गडद मेकअप उतरवताना घाई करू नये. नाटक-सिनेमातील जुने कलावंत तोंडाचा रंग खोबरेल तेलाने उतरवीत, आणि सिनेमाच्या या नगरीत ती युक्ती कोणाला नवी नाही. कोरड्या त्वचेला ती मानवते; मुरमे येणाऱ्यांनी मात्र तेलाऐवजी हलका क्लिन्झर वापरावा, कारण खोबरेल तेलाने रंध्रे बुजतात.

सूर्याचा विचार सहसा होत नाही. उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढते. विमानाच्या काचा त्यांतील ‘बी’ प्रकारचे किरण अडवतात. ‘ए’ प्रकारचे किरण मात्र कॉकपिटच्या काही काचांमधून आत येतात. २०१४ मध्ये ‘जामा डर्मेटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वैमानिक व केबिन कर्मचाऱ्यांमध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. त्याचे कारण काचेतून येणारे ऊन, वैश्विक किरण की मुक्कामाच्या गावी समुद्रकिनारी घेतलेले ऊन, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. हे अभ्यास मुख्यतः गोऱ्या लोकांवरचे आहेत. भारतीय त्वचेत हा रोग मुळातच विरळा. तरीही वैमानिकांनी ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही किरण अडवणारे, एसपीएफ ३० किंवा अधिकचे क्रीम लावणे शहाणपणाचे. आपल्याकडे वांग व काळे डाग वाढण्यालाही ‘ए’ किरण कारणीभूत ठरतात.

खरा धोका विमानाबाहेर, औषधाच्या दुकानात आणि पार्लरमध्ये आहे. मुलाखतीला ‘उजळ’ दिसावे म्हणून मुली स्टेरॉइड मिसळलेली क्रीमे महिनोन्महिने लावतात. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते, मुरमे उठतात, आणि क्रीम थांबवताच आग होऊ लागते. अशी अनेक स्टेरॉइड मलमे २०१८ मध्ये केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. गजकर्ण वा नायट्यावर हीच मलमे चोळल्याने तो दबतो आणि मग साऱ्या अंगभर पसरतो. गोरेपणाच्या काही क्रीमांत पाराही असतो: अकोल्यातील एका कुटुंबातील तीन महिलांना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ च्या आरंभी उघड झाले, त्यांच्या तपासण्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाल्या होत्या. ज्या डबीवर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती उघडूही नये.

मुरमांच्या औषधांबाबतही सावधगिरी हवी. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी ओठ व त्वचा अत्यंत कोरडी पडते, काहींची रात्रीची दृष्टी मंदावते आणि गर्भाला गंभीर व्यंग होऊ शकते. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांना ऊन लवकर बाधते. म्हणून वैमानिकांनी अशी औषधे विमान वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना सांगूनच सुरू करावीत. महिनाभर न भरणारी जखम, आकार वा रंग बदलणारा तीळ, किंवा तळपायावर, नखाखाली उमटलेला काळा पट्टा दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. भारतीयांमध्ये मेलानोमा बरेचदा तळव्यावरच आढळतो, आणि दिवसभर बंद बुटात असणारा पाय सहसा कोणी पाहत नाही.