कुत्र्याची सुई

गेल्या आषाढात रस्त्यावरचे एक पिलू आमच्या घरी आले. दोन महिन्यांचे असेल. पशुवैद्यांनी त्याला तपासले, जंतांचे औषध पाजले आणि टोचणीच्या तारखांचे एक कार्ड माझ्या हाती ठेवले. मी ते बराच वेळ न्याहाळत बसलो. माझ्या लहानपणी कुत्र्याच्या नावाने सुई टोचून घेतली ती मी; पोटात, चौदा वेळा. चावलेल्या कुत्र्याला गल्लीतल्या लोकांनी काठ्यांनी संपवले. ते पिसाळलेले होते की नाही, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. कुत्र्यालाच सुई टोचावी, हे तेव्हा कोणाला सुचलेच नव्हते काय?

सुचले होते, किंबहुना प्रथम तेच सुचले होते. पिसाळून मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेत वाळत ठेवला, की त्यातले विष दिवसेंदिवस क्षीण होत जाते, हे लुई पाश्चरने हेरले. त्याआधी, १८८४ मध्येच, कुत्र्यांना टोचलेली त्याची लस सरकारी समितीसमोर कसोटीला उतरली होती. पण एकट्या पॅरिसमध्ये कुत्री लाखाच्या घरात! प्रत्येकाला अनेकवार टोचायचे, तर तितके ससे आणायचे कोठून? तेव्हा चावलेल्या माणसाला टोचावे, असे ठरले. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली गेली आणि तो वाचला. कुत्रा मात्र मागे राहिला तो राहिलाच.

त्याच्या वाट्याला काय येत असे, हे मुंबईने त्यापूर्वीच पाहिले होते. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पारशी धर्मात प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. अशा प्राण्याची भररस्त्यात हत्या चाललेली पाहून जून १८३२ मध्ये फोर्टातले पारशी खवळले. हिंदू, जैनही त्यांना मिळाले. दुकाने बंद पडली, गोऱ्या शिपायांची रसद अडली, शेवटी लष्कर बोलवावे लागले. दंगा मोडला. पण पिसाळण्यावर काठीवाचून दुसरा उपाय सरकारपाशीही नव्हता आणि दंगेखोरांपाशीही.

पुढे १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस केली. माझ्या पोटातली ती हीच. ती स्वस्त होती, पण क्वचित एखाद्याला तिच्यामुळेच लकवा होई. भारताने ती २००४ मध्ये बंद केली. कुत्र्याला एकाच टोचणीत पुरेल अशी लस १९२१ साली जपानात उमेनो आणि दोई यांनी सिद्ध केली. पाश्चरच्या प्रयोगानंतर तब्बल सदतीस वर्षांनी!

कार्डावरचे दुसरे नाव डिस्टेंपरचे. या रोगाने पिले पटापट मरत. इंग्लंडातल्या शिकारी कुत्र्यांच्या धन्यांनी वर्गणी काढली, आणि लेडलॉ व डंकिन यांनी १९२० नंतरच्या दशकात त्यावर लस शोधली. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर त्यांचे प्रयोग चालत. गंमत अशी, की १९३३ मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तोही फेरेटांतच. पार्व्हो मात्र अगदी अलीकडचा. १९७८ च्या सुमारास तो एकाएकी जगभर पसरला.

एकच लस तीन-तीनदा कशाला, असे मी डॉक्टरांना विचारले. पहिल्या दुधातून आईने दिलेले संरक्षण पिलाच्या रक्तात असते, तोवर लस लागू पडत नाही, असे ते म्हणाले. ते कधी ओसरेल याचा नेम नाही. म्हणून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुनःपुन्हा टोचायचे, आणि तोवर पिलाला रस्त्यावर सोडायचे नाही. पिसाळण्याची सुई तीन महिन्यांनंतर.

ती श्रावणात झाली. मी उगाच पोटावर हात धरून उभा होतो. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, याचा पिलाला पत्ता नव्हता. टेबलावर सांडलेला बिस्किटाचा चुरा चाटण्यात ते गुंतले होते.