मांडवी ते घर

काही वर्षांपूर्वी मिरजोळ्याच्या विमानतळाच्या बातम्या पुन्हा यायला लागल्या, तेव्हा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, विमान सुरू झालं ना, की दोन दिवसांची सुट्टी मिळाली तरी येणार. मुंबईहून तासाभरात घरी!"

मी म्हटलं, "तासाभरात मिरजोळ्याला येशील रे. घरी कसा येणार ते सांग."

तो हसला. मी मात्र विचारात पडलो. कारण 'पोचलो, पण घरी नाही' हा प्रकार आमच्या घरात फार जुना आहे. नव्या पिढीला तो माहीत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आमचं घर मांडवीला. मांडवी म्हणजे मुळात जकातीची जागा. मुंबईत मांडवी आहे, कच्छात आहे. गलबतांतून माल उतरायचा आणि सरकार त्यावर जकात घ्यायचं, तिथे हे नाव चिकटलेलं दिसतं. (कोकण रेल्वेवरची मांडवी एक्सप्रेस आमची नव्हे हो, ती गोव्यातल्या नदीची. पाहुण्यांचा दर वेळी घोळ होतो.) आज लोक संध्याकाळी जेटीवर हवा खायला येतात, कमानीपाशी फोटो काढतात आणि तिला 'गेटवे ऑफ रत्नागिरी' म्हणतात. थट्टेत म्हणत असले तरी ते एके काळी अगदी खरं होतं.

रत्नागिरी तेव्हा समुद्राकडून उघडी आणि जमिनीकडून जवळजवळ बंद होती. मागे सह्याद्री, मध्ये खाड्या. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी एप्रिल १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, तेही समुद्रमार्गेच. पळून जायला अवघड असं गाव त्यांना हवंच होतं. पण आमच्या चाकरमान्यांना मुंबई जवळ वाटायची ती बोटीमुळे. आधी शेपर्ड कंपनीच्या बोटी, मग स्वदेशीच्या भरात निघालेली 'माझी आगबोट कंपनी', पुढे 'रोहिणी', आणि शेवटी 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'. भाऊच्या धक्क्यावर चढायचं आणि मांडवीला उतरायचं.

'उतरायचं' म्हणायला सोपं. मांडवीला बोट धक्क्याला लागतच नसे. पाणी उथळ, म्हणून ती बाहेर समुद्रात उभी राहायची आणि भोंगा द्यायची. मग किनाऱ्यावरून पडाव निघायचे. पडाव लाटेबरोबर वर आला की खलाशी दंड धरून माणसाला आत ओढणार, तो क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट बघायची. पोरं नारळासारखी हातोहात खाली यायची. वळकट्या, ट्रंका आणि ओकाऱ्या करून अर्ध्या झालेल्या बायका, सगळं एकाच पडावात. मुंबईपासूनचं अंतर यंत्राने कापलेलं असायचं, शेवटचे काही फर्लांग मात्र वल्ह्यांवर. एकदा जेटीला पाय लागला की चिंता नाही, गाव समोरच. हमालाच्या डोक्यावर ट्रंक द्यायची आणि चालत घरी.

पावसाळ्यात बोटी बंद. मग मुंबईहून रेल्वेने कोल्हापूर (तिथे गाडी १८९१ मध्ये आली) आणि आंबा घाटातून खाली, असा द्राविडी प्राणायाम.

आता आमची गोष्ट. १९६७ सालचा मे संपत आला होता. आजोबा अत्यवस्थ, तार गेली, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरगावातून मिळेल त्या बोटीने निघाले. बोट मांडवीसमोर आली, पण समुद्र आधीच खवळलेला. पडाव निघाले आणि परत फिरले. बोटीने दोनदा भोंगा दिला, थोडा वेळ थांबली आणि पुढे गेली. अण्णांना उतरता आलं ते थेट विजयदुर्गला, कारण ते बंदर आतल्या बाजूला, सुरक्षित. तिथून एसटी बदलत ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले. आजोबा सकाळीच गेले होते.

अण्णांनी यात कधी कोणाला दोष दिला नाही. तांडेलाने माणसं बुडवायची होती का, असंच म्हणायचे. फक्त एकदा म्हणाले, "घर दिसत होतं रे. पडवीतला कंदील दिसत होता." तो आपल्याच पडवीतला कसा ओळखलात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

१९८० च्या दशकात बोटी थांबल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रूळ काही गावासाठी वाकत नाहीत. त्यामुळे स्टेशन झालं कुवारबावकडे, गावापासून सहा-सात किलोमीटरवर. विमानाला तर लांब सपाट जमीन लागते, आणि कोकणात सपाट म्हणजे सडा. म्हणून मिरजोळ्याचा विमानतळ सड्यावर, जिथे आज तटरक्षक दलाचा तळ आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळही सड्यावरच. धावपट्टी अडीच किलोमीटरची, पण बाहेर आलात की मालवण एका दिशेला, कुडाळ दुसऱ्या आणि वेंगुर्ले तिसऱ्याच. बोट गावाच्या दारात यायची आणि दारातच अडायची. आता वाहन अडत नाही, पण दार लांब गेलंय.

अण्णांच्या शेवटच्या आजारपणात मी रेल्वेने आलो. रात्रीचे अडीच, गाडी दोन तास उशिरा, स्टेशनबाहेर एकच रिक्षा, आणि तीही घरी निघालेली. मी नुसतं "मांडवी, वडील आजारी आहेत" म्हटलं. रिक्षावाल्याने भाडंही सांगितलं नाही. म्हणाला, "बसा." बारा-पंधरा मिनिटांत घरी होतो. अण्णा जागे होते. "गाडी वेळेवर होती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यानंतर ते चार दिवस होते, आणि चारही दिवस मी त्यांच्याजवळ होतो.

म्हणून पुतण्याला एवढंच सांगतो. विमानाने जरूर ये. पण विमानतळाच्या गेटाशी रात्री-अपरात्रीसुद्धा एखादी एसटी, एखादी रिक्षा उभी असेल का, हे तुझ्या पिढीने आधी विचारून घ्यायला हवं. आमच्या वेळी पडाव निघाले होते, पण समुद्रापुढे त्यांचं काही चाललं नाही. सड्यावर तर समुद्र नाही.