खेळाडूचा देश कोणता?

३ सप्टेंबर १९२६ नव्हे, तर २०१६ या दिवशी अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडासंकुलात भारत आणि पोर्तो रिको यांचा फुटबॉलचा सामना झाला. साल मुद्दाम असे सांगण्याचे कारण इतकेच की, मुंबईसारख्या शहरात आंतरराष्ट्रीय सामना पाहावयास लोकांना तब्बल ६१ वर्षे वाट पाहावी लागली होती. ज्या आजोबांनी मागचा सामना पाहिला असेल त्यांनी यावेळी नातवाचे बोट धरून यावे, एवढा हा काळ आहे. पाहुण्यांनी आरंभीच पेनल्टीवर गोल केला. मागाहून नारायण दास, सुनील छेत्री, जेजे आणि जॅकिचंद यांनी गोल करून भारताला ४-१ असा विजय मिळवून दिला.

परंतु या सामन्यात दुसरेही एक कौतुक होते व त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले असेल. पोर्तो रिको हे राष्ट्र म्हणून खेळत होते. पण राष्ट्र म्हणून त्याचा पासपोर्ट नाही. हे बेट १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे आले आणि १९१७ च्या कायद्याने तेथील रहिवासी अमेरिकेचे नागरिक झाले. असे असूनही १९६० पासून जागतिक फुटबॉल संघटनेत, म्हणजे फिफात, त्याला स्वतंत्र जागा आहे. तेव्हा तेथे जन्मलेल्या मुलाला बेटाकडून खेळता येते आणि फिफाच्या अटी पुऱ्या केल्यास अमेरिकेकडूनही. नागरिकत्व एक, संघ मात्र दोन! कायद्याचा देश आणि मैदानावरचा देश या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही, हे यावरून दिसून येईल.

पूर्वी या बाबतीत बराच सैलपणा होता. डी स्टेफानो हा अर्जेंटिनाचा विख्यात खेळाडू पुढे स्पेनच्या संघात दाखल झाला. पुश्काश हंगेरीकडून १९५४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला आणि १९६२ च्या विश्वचषकात स्पेनच्या वेषात उतरला. अल्ताफिनी १९५८ साली ब्राझीलचा होता, चार वर्षांनी इटलीचा झाला. हे फारच होऊ लागले तेव्हा फिफाने दार लावून घेतले. एकविसाव्या शतकात ते पुन्हा थोडे थोडे उघडले गेले. २०२० च्या दुरुस्तीने तर, एकविसाव्या वर्षापूर्वी मोठ्यांच्या संघातून तीनपेक्षा अधिक सामने न खेळलेल्यास काही अटींवर दुसरा देश पत्करण्याची मुभा मिळाली. मैत्रीचे सामने तर खेळाडूला कायमचे बांधीतच नाहीत.

आता हा प्रश्न आपल्या घराजवळ कसा येतो ते पाहू. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी उपनगरे म्हणजे जुने साष्टी बेट. साष्टीवर एके काळी पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजांनी तो उठविला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी बेट मराठ्यांकडून घेतले. येथील मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांनी १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. यांची आडनावे डिसोझा, परेरा, फर्नांडिस. आणि पोटासाठी गोव्याहून मुंबईस आलेल्या शेजाऱ्यांचीही तीच. दोघे एकाच चर्चमध्ये जात, एकाच मैदानावर चेंडू मारीत. पण एकाच्या गावावरून पोर्तुगालचे निशाण दोनशे वर्षांपूर्वीच उतरले होते आणि दुसऱ्याच्या गावावर ते १९६१ च्या डिसेंबरपर्यंत फडकत होते. आडनावावरून माणसाचा देश ओळखू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

नेव्हिल डिसोझा यांचे घराणे बार्देशातील आसगावचे. नेव्हिल मुंबईच्या टाटा संघाकडून खेळत. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकसाठी भारताचा संघ निघाला त्यात ते आघाडीस होते. प्रशिक्षक रहीमसाहेब, कर्णधार समर बॅनर्जी. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली आणि भारताने ४-२ असा सामना जिंकला. त्यातील तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे होते. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला. पुढे मात्र प्रतिपक्षाने चार केले. भारत चौथा आला. तेवढी उंची त्याने ऑलिंपिकमध्ये पुन्हा कधी गाठली नाही.

हा पराक्रम कोणत्या दिवसांत झाला, हे विसरून चालणार नाही. अवघ्या पंधरा महिन्यांपूर्वी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर दोन्ही सरकारांचे संबंध तुटले, सरहद्द बंद झाली. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयाला गावची म्हातारी आई पाहावयाची तर परवान्यांच्या मागे हिंडावे लागे. अशा वेळी आसगावच्या घराण्यातील तरुण छातीवर भारताचे चिन्ह लावून खेळत होता. यात नियमबाह्य असे काहीच नव्हते. आपल्या राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने, भारतात अधिवास असून १९५० पूर्वी सलग पाच वर्षे येथे राहिलेल्या माणसाला, त्याचा जन्म कोठेही झालेला असो, नागरिक मानले आहे. मुंबईत स्थिरावलेल्या सहस्रावधी गोमंतकीयांना ही वाट मोकळी होती. पोर्तुगाल मात्र गोवा हा आपल्याच देशाचा एक प्रांत असल्याचे जगाला सांगत होते. त्या हिशेबाने हीच माणसे पोर्तुगालचीही ठरली असती! मोझांबिकात जन्मलेले कोलुना आणि युसेबियो १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालकडून खेळले, तेही याच हिशेबाने.

फोर्तुनातो फ्रँको यांची हकीकत याहून सूचक आहे. त्यांचा जन्म १९३७ सालचा, कोलवाळ गावचा, म्हणजे पोर्तुगीज हद्दीतला. तेही मुंबईस येऊन टाटा संघात गेले. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकसाठी भारतीय संघात त्यांची निवड झाली. प्रत्यक्ष खेळण्याची संधी तेवढी मिळाली नाही. त्या वेळी कोलवाळवर लिस्बनचा अंमल होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि २८ मार्च १९६२ च्या हुकुमाने तेथील जन्माच्या लोकांना भारताचे नागरिक ठरविण्यात आले. ज्यांना पोर्तुगीजच राहावयाचे होते त्यांना तसे लेखी कळविण्यास एक महिन्याची मुदत होती. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला जकार्ता येथे भारताने दक्षिण कोरियाचा २-१ असा पाडाव करून आशियाई सुवर्णपदक मिळविले, आणि त्या अंतिम सामन्यात फ्रँको खेळले. रोमला जाताना आणि जकार्ताहून येताना मनुष्य तोच, गावही तेच. बदलला तो गावचा धनी.

पोर्तुगालने आपला जुना हिशेब अद्याप मिटविलेला नाही. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनला नोंद करून तेथील पासपोर्ट मिळविता येतो. युरोपात नोकरी मिळविण्यासाठी हजारोंनी तो घेतला. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण घरचे भागत नाही तेव्हा माणूस कोणता कागद घेतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. किंमत मात्र चुकत नाही. भारतीय कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परका पासपोर्ट हाती आला की भारताचे नागरिकत्व गेले. आणि २००८ साली केंद्र सरकारने निश्चित केले की, भारताच्या संघात भारतीय पासपोर्टधारकच खेळेल. परदेशस्थ भारतीयांस दिलेले ओसीआय कार्ड येथे उपयोगी पडत नाही. दोन देशांतून एक निवडणे इतरत्र खेळाडूची मर्जी असते. येथे निवड म्हणजे एकाचा त्याग.

असा त्याग प्रथम केला तो अराता इझुमी याने. वडील गुजराती, आई जपानी, जन्म १९८२ चा जपानातील. २००६ साली तो कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबाकडे आला, पुढल्या वर्षी मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये गेला. ज्या कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना कांदिवलीस आहे तिचाच हा संघ. २०१० साली तो मोडला. अराता त्याआधीच पुण्याच्या संघात गेला होता. २०१२ साली त्याने जपानचे नागरिकत्व सोडले, नीलकंठ खंभोळजा या नावाने भारताचा पासपोर्ट घेतला आणि २०१३ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो भारताकडून पहिला सामना खेळला. खेळाडूचे तिसावे वर्ष म्हणजे उताराचा आरंभ. जपानच्या राष्ट्रीय संघात त्याला जागा मिळणे दुरापास्त होते, हे खरे; परंतु केवळ तेवढ्यासाठी कोणी जन्मभूमीचा पासपोर्ट परत करीत नाही. जपानच्या पासपोर्टवर जगातील बहुतेक दारे उघडतात, आपल्या पासपोर्टवर रांगेत उभे राहावे लागते.

त्यानंतर बारा वर्षे दुसरा कोणी पुढे आला नाही. मग आला रायन विल्यम्स. जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थचा. आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातील. आईचे वडील लिंकी ग्रॉस्टेट हे १९५० च्या दशकात मुंबईकडून संतोष करंडकात खेळले होते, म्हणजे नेव्हिल डिसोझा यांच्याच काळात. विल्यम्स इंग्लंडात अनेक वर्षे खेळला, २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातून मैत्रीचा एक सामनाही खेळला आणि २०२३ साली बंगळूरच्या संघात आला. २०२५ साली त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. आजोबांच्या पिढीतील असंख्य अँग्लो-इंडियन कुटुंबे स्वातंत्र्यानंतर बोटीत बसून ऑस्ट्रेलियास निघून गेली होती. हा नातू उलट दिशेने आला. त्या नोव्हेंबरात त्याला भारतीय संघाच्या शिबिरात बोलाविण्यात आले. १८ तारखेस ढाक्याला बांगलादेशाशी सामना होता. विल्यम्सच्या हाती भारताचा पासपोर्ट होता, पण ऑस्ट्रेलियाकडील आवश्यक कागद वेळेवर पोहोचले नाहीत. सामना त्याच्यावाचून झाला आणि भारत ०-१ असा हरला.