अधिवृक्काची अँड्रोजेने आणि हाडे

मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी वजनाने जेमतेम चार-पाच ग्रॅम भरते. इटलीतील शरीररचनाकार बार्तोलोमेओ युस्टाची यांनी १५६३ मध्ये तिचे वर्णन केले. पण ती कशासाठी आहे, हे पुढची जवळजवळ तीनशे वर्षे कोणालाच उलगडले नाही. १८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी ही ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांची लक्षणे लिहून ठेवली: माणूस खंगत जातो, त्वचा काळवंडते आणि शेवटी मृत्यू येतो. ही ग्रंथी काढली की जनावर जगत नाही, हे ब्राउन-सेकार यांनी पुढच्याच वर्षी दाखवले. तिच्या बाह्यकात तीन थर आहेत, ही ओळख १८६६ मध्ये युलिउस आर्नोल्ड यांनी करून दिली. त्यांतला सर्वांत आतला, जाळीदार थर पुरुषी गुणांची संप्रेरके म्हणजे अँड्रोजेने तयार करतो, हे समजायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

त्याचा पहिला पुरावा नेपल्समधील एका शवविच्छेदनात मिळाला होता. १८६५ मध्ये लुइजी दे क्रेक्किओ यांच्यासमोर आलेला मृतदेह आयुष्यभर पुरुष म्हणून वावरलेल्या माणसाचा होता. आत गर्भाशय आणि बीजांडकोश निघाले, आणि अधिवृक्क ग्रंथी अतोनात वाढलेल्या होत्या. दे क्रेक्किओ यांनी हे सारे बारकाईने नोंदवले. ग्रंथी आणि पुरुषी रूप यांचा संबंध जोडायला लागणारे रसायनशास्त्र त्या काळी जन्मालाच आले नव्हते. आज ती नोंद जन्मजात अधिवृक्कवृद्धीचे अभिजात वर्णन मानली जाते.

हे रसायनशास्त्र जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी उभे केले. १९३१ मध्ये त्यांनी पोलिसांकडून जमा केलेल्या सुमारे १५,००० लिटर मूत्रातून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन वेगळे काढले. १९३४ मध्ये मूत्रातूनच डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरोन, म्हणजे डीएचईए, हाती लागले. या द्रव्याचे गंधकयुक्त रूप, डीएचईएएस, अधिवृक्कातून थेट रक्तात उतरते, हे पुढे फ्रान्समध्ये एत्येन-एमिल बोल्यू यांच्या संशोधनातून पक्के झाले. तरुण माणसाच्या रक्तात इतके विपुल दुसरे स्टेरॉइड संप्रेरक नाही.

हाडांचा धागा वेगळ्या बाजूने येऊन मिळाला. हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णिलेल्या आजारात चेहरा गोल होई, अंगावर चरबी साठे आणि मणके खचून पाठीला बाक येई. बॉस्टनचे फुलर ऑलब्राइट यांनी याचा अर्थ लावताना अधिवृक्काची दोन संप्रेरके कल्पिली: शर्करेवर काम करणारे ‘एस’ आणि नत्रावर काम करणारे ‘एन’. पहिले प्रथिने मोडते, दुसरे ती बांधते. ‘एस’ वाढले की हाडाचा प्रथिनांचा सांगाडाच विरळ होतो, अशी त्यांची मांडणी होती. ‘एन’ म्हणजे आजच्या भाषेत अधिवृक्काची अँड्रोजेने. तपशील पुढे बदलले, पण ग्रंथीतून हाडाला घातक आणि पोषक असे दोन्ही रस वाहतात ही दृष्टी खरी ठरली, आणि या इतिहासातली ती सर्वांत मोठी झेप आहे. १९४१ मध्ये ऑलब्राइट यांनी अस्थिसुषिरतेचे, म्हणजे हाडे विरळ आणि ठिसूळ होण्याच्या विकाराचे, ६५ वर्षांखालील ४२ रुग्ण तपासले. त्यांपैकी ४० रजोनिवृत्त स्त्रिया होत्या. तिथून संशोधकांचे लक्ष इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाकडे वळले आणि अधिवृक्क काहीसे मागे पडले.

अँड्रोजेने हाडावर काय करतात, हे मुलांमध्ये सर्वांत स्पष्ट दिसे. जन्मजात अधिवृक्कवृद्धी असलेले मूल आधी बरोबरीच्या मुलांपेक्षा भराभर उंच होई. मग हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या अकाली मिटत आणि मोठेपणी ते ठेंगणे राही. १९५० मध्ये बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोन देऊन ग्रंथीतले अँड्रोजेनांचे अतिउत्पादन आवरता येते हे दाखवले, आणि अशा मुलांच्या उपचाराला प्रथमच दिशा मिळाली.

पट्ट्या मिटवण्याचे श्रेय मात्र अनेक वर्षे चुकीच्या संप्रेरकाला दिले गेले. १९९४ मध्ये अमेरिकेत २८ वर्षांच्या, २०४ सेंटिमीटर उंचीच्या एका पुरुषाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरोन पुरेसे होते, पण पेशींना इस्ट्रोजेन ओळखता येत नव्हते. त्याच्या वाढीच्या पट्ट्या अजून उघड्या होत्या आणि हाडे विरळ होती. म्हणजे पुरुषाच्या हाडातही बरेचसे काम अँड्रोजेनचे इस्ट्रोजेन झाल्यावरच होते. क्यूबेकचे फेर्नांद लाब्री डीएचईएबद्दल हेच सांगत होते: ते कच्चा माल आहे, आणि हाडासारखी ऊती आपल्या गरजेनुसार त्यातून अँड्रोजेन किंवा इस्ट्रोजेन घडवते. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोश थंडावले की स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन मुख्यतः याच मार्गाने येते. उंदरांच्या अधिवृक्कात डीएचईए जवळजवळ बनतच नाही, त्यामुळे प्राण्यांवरच्या प्रयोगांची या प्रश्नात फारशी मदत झाली नाही.

विशी-पंचविशीत शिखरावर असलेले डीएचईएएस सत्तरी-ऐंशीपर्यंत त्याच्या दहा-वीस टक्क्यांवर येते. याच वयात हाडेही ठिसूळ होत असल्याने गोळीने ही तूट भरून काढण्याची आशा वाढली. अमेरिकेत १९८५ मध्ये बिनचिठ्ठी विक्रीतून हटवलेले डीएचईए १९९४ च्या आहारपूरकांच्या कायद्यामुळे पुन्हा दुकानांत आले, आणि पुरावा जमण्याआधीच त्याचा गाजावाजा झाला. बोल्यू यांच्या २००० सालच्या फ्रेंच चाचणीत ६० ते ७९ वयाच्या २८० जणांना वर्षभर रोज ५० मिलिग्रॅम डीएचईए किंवा नकली गोळी दिली गेली. हाडांचा लाभ दिसला तो मुख्यतः सत्तरीपुढच्या स्त्रियांत. २००६ मध्ये मेयो क्लिनिकची दोन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत हाडाची घनता ठरावीक जागीच आणि किंचित वाढली. ताकद आणि जीवनमान होते तसेच राहिले. अमेरिकेत अस्थिसुषिरतेवरचे औषध म्हणून डीएचईएला मान्यता मिळालेली नाही.