मातीविना लेट्यूस

मोठ्या शहरांच्या बाजारात हल्ली मुळांसकट लेट्यूस विकायला असते. पान मोडले की कटकन आवाज येतो, पण मुळांना मातीचा कणही चिकटलेला नसतो. हे रोप पाण्यात वाढलेले असते. वनस्पती जमिनीतून अन्न घेतात, असे मुले सर्रास सांगतात. मग या लेट्यूसने अन्न घेतले कुठून? प्रश्न साडेतीनशे वर्षांहून जुना आहे.

ब्रसेल्सच्या व्हॅन हेल्मॉन्टने २०० पौंड सुकवलेल्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले. माती घटली अवघी २ औंस. झाड पाण्यापासूनच बनते, असा त्याचा निष्कर्ष १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता आणि ते २ औंस त्याने सोडून दिले.

पुढची सारी गोष्ट या २ औंसांची आहे. १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिन्याची रोपे वेगवेगळ्या पाण्यात वाढवून तोलून पाहिली. पावसाच्या पाण्यापेक्षा बागेतली माती मिसळलेल्या पाण्यात ती कितीतरी जास्त वाढली. म्हणजे पाण्याखेरीज मातीतले आणखी काहीतरी रोपाला लागत होते. ते काय, हे १८६० च्या दशकात जर्मनीत झाक्स आणि क्नॉप यांनी दाखवले. ठरावीक क्षार विरघळवलेल्या पाण्यात, मातीविना, त्यांनी वनस्पती वाढवल्या. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि थोडेसे लोह एवढी ती यादी होती. बोरॉन, जस्त, मॉलिब्डेनम यांसारखी अत्यल्प लागणारी मूलद्रव्ये विसाव्या शतकात तिच्यात आली.

लेट्यूसच्या पानात सुमारे ९५ टक्के पाणी असते. पेशी पाण्याने टच्च भरलेल्या असतात, म्हणून ते कुरकुरीत लागते. शंभर ग्रॅम पानांत खनिजे एक ग्रॅमहूनही कमी भरतात. पण तेवढी नसतील तर रोप उभेच राहत नाही. व्हॅन हेल्मॉन्टचे २ औंस ते हेच!

प्रयोगशाळेतली ही युक्ती शेतीत आणली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिके यांनी. १९२९ पासून ते तिचा पुरस्कार करत होते आणि १९३७ मध्ये त्यांनी ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. त्यांच्या उंचच उंच टोमॅटोंची वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि मातीची शेती आता मागे पडणार, असे लोक बोलू लागले. तेव्हा त्याच विद्यापीठातील होगलंड आणि आर्नन यांनी साधा प्रश्न विचारला : तुलना कशाशी केली? प्रकाश, तापमान आणि पोषण सारखे ठेवून त्यांनी माती, वाळू आणि पाणी यांत पिके वाढवली. १९३८ च्या त्यांच्या पुस्तिकेचे सार असे, की चांगल्या मातीपेक्षा पाण्यात मुळातच जास्त उत्पन्न येते असे नाही. गंमत अशी, की पद्धतीची हवा काढणाऱ्या या पुस्तिकेतलेच पोषक द्रावण पुढे जगभर वापरले गेले.

मग पाण्यातली शेती करावी कुठे? जिथे माती नाही किंवा तिच्यावर भरवसा नाही, तिथे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने असेन्शन या ज्वालामुखीच्या बेटावर अशा भाज्या पिकवल्या. १९४६ मध्ये जपानमधील चोफू येथे सुमारे २२ हेक्टरांचे केंद्र उभे राहिले. तिथल्या शेतात सोनखत वापरण्याची रीत होती आणि लेट्यूस तर कच्चेच खातात; रोगजंतूंची धास्ती होती.

द्रावणात क्षार घालण्याऐवजी माशांच्या टाकीचे पाणी फिरवले, की तिला ॲक्वापोनिक्स म्हणतात. मासे अमोनिया सोडतात. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते रोप शोषते. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८० पासून तिलापिया मासे आणि लेट्यूस यांची अशी जोडी बसवली. तरीही लोह, कॅल्शियम आणि पालाश माशांच्या खाद्यातून पुरेसे मिळत नाहीत; ते वरून द्यावे लागतात. २ औंसांचा हिशेब इथेही चुकत नाही.

माती रोपाला आधार, पाणी, क्षार आणि मुळांना हवा देते. शिवाय ती सांभाळून घेते : पाणी द्यायला दोन दिवस उशीर झाला, तरी पीक बहुधा तगते. उथळ पन्हळीतल्या लेट्यूसचा पंप बंद पडला, तर मात्र काही तासांतच पाने माना टाकतात. मातीची ही सारी कामे आपण वीज, पंप आणि मोजमाप यांच्या जोरावर करतो. ‘कितीतरी पट उत्पन्न’ अशी जाहिरात वाचताना हा खर्च मांडावा आणि होगलंड-आर्नन यांचा प्रश्न विचारावा.

वुडवर्डचा प्रयोग वर्गात सहज होतो. पुदिन्याच्या सारख्या वजनाच्या काड्या तीन बाटल्यांत ठेवा : पावसाचे पाणी, नळाचे पाणी आणि बागेतली माती ढवळून गाळलेले पाणी. बाटल्यांना काळा कागद गुंडाळा, म्हणजे शेवाळ धरणार नाही. पाणी कमी होईल तसे त्याच प्रकारचे घाला. दीड महिन्याने वजन करा. फरक दिसला, तर तो कशामुळे, हे मुलांनाच सांगू द्या.