गिरगावची तारामती : दुर्गाबाई खोटे

आपल्या गिरगावाने रुपेरी पडद्यावरची तारामती दोन निराळ्या रूपांत पाहिली आहे. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा तारामतीचे काम एका पुरुषाने केले होते. बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविले. पुढे ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मॅजेस्टिकमध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ झळकला. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याचा लौकिक आहे. त्यातील तारामती होती याच गिरगावच्या कांदेवाडीत वाढलेली एक सुशिक्षित स्त्री, दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, लाडांच्या सधन घरातला. कॅथेड्रल शाळा, मग सेंट झेवियर कॉलेज आणि तितक्याच श्रीमंत खोटे घराण्यात विवाह. सारे यथासांग होते. परंतु पुढे सासरची सांपत्तिक स्थिती पालटली आणि दोन लहान मुलांचा प्रश्न उभा राहिला. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी एक लहानसे काम पत्करले. चित्रपट सुमार निघाला आणि दोन्ही घराण्यांच्या नावाचा बोभाटा झाला. अशा वेळी दुसरी एखादी घराचे दार लावून बसली असती. शांतारामबापूंकडून तारामतीसाठी बोलावणे आले, तेव्हा दुर्गाबाई पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे खरे धैर्य मला या दुसऱ्या होकारात दिसते.

“घरंदाज स्त्री सिनेमात आली आणि सिनेमाला प्रतिष्ठा मिळाली,” असे त्यांच्याविषयी नेहमी म्हटले जाते. मला हे वाक्य अपुरे वाटते. १९१३ सालीच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली होती. त्यांच्या पाठीशी मोठ्या घराण्याचे नाव नव्हते, म्हणून त्यांचे कष्ट काही कमी प्रतिष्ठेचे ठरत नाहीत. दुर्गाबाई खोट्यांनाही घराण्याच्या पुण्याईने फार दिवस तारले नसते. त्यांना तारले ते कामाने.

हे काम त्यांनी कोणाच्या दावणीला बांधून घेतले नाही, हे विशेष. त्या काळी कंपनीचा पगार घ्यायचा आणि कंपनी सांगेल ते करायचे, अशी रीत होती. हॉलिवूडची विख्यात नटी बेट्टी डेव्हिस १९३६ साली अशाच करारातून सुटण्यासाठी लंडनच्या कोर्टात लढली आणि हरली. आपल्या दुर्गाबाई मात्र त्याच सुमारास कधी प्रभातकडे, कधी कलकत्त्याच्या कंपन्यांकडे स्वतःच्या पसंतीने काम करीत होत्या. कलकत्त्याची ‘सीता’ १९३४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पोचली. १९३६ च्या ‘अमर ज्योती’त तर त्या अन्यायाविरुद्ध बंड करून उठलेली दर्यावर्दी सौदामिनी झाल्या.

नायिकेचे वय सरले की नटीचे दिवस संपले, हा समजही त्यांनी खोटा ठरविला. अत्र्यांच्या ‘पायाची दासी’मधली (१९४१) खाष्ट सासू, ‘भरत मिलाप’मधली (१९४२) कैकेयी, ‘मुघल-ए-आझम’मधली (१९६०) जोधाबाई, ‘बॉबी’तली (१९७३) आजी, अशी त्यांची चढती कमान आहे. गिरगावच्या साहित्य संघाच्या रंगभूमीशीही त्यांचे नाते होते. ‘भाऊबंदकी’तली त्यांची आनंदीबाई जाणकारांनी नावाजली. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ साली फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा पुरस्कार!

२२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई गेल्या. कॉरोनेशन नाही, मॅजेस्टिकही नाही. परंतु आज आपली मुलगी नाटकात, चित्रपटात किंवा दूरदर्शनवर काम करते म्हणाली, तर आपण तिला शाळा-कॉलेजाचे वेळापत्रक विचारतो, घराण्याच्या अब्रूची भीती घालीत नाही. ही सवलत आपोआप मिळालेली नाही. दुर्गाबाईंच्या आरंभीच्या दिवसांत लोक त्यांना लाडांची मुलगी, खोट्यांची सून म्हणून ओळखीत. १९८२ साली आत्मचरित्र प्रसिद्ध करताना त्यांनी त्याला नाव दिले, ‘मी, दुर्गा खोटे’. मागेपुढे कोणाचा आधार न घेता “मी” म्हणण्याचा हक्क त्यांनी अर्धशतक राबून मिळविला होता.