कचेरी सुटल्यानंतरची विद्यापीठे

चरितार्थासाठी नोकरी आणि उत्कर्षासाठी विद्या, या दोहोंची सांगड कशी घालावी, हा मध्यमवर्गाचा जुनाच प्रश्न आहे. दिल्ली, गुरुग्राम वा नोएडा येथे नोकरी करणारा मराठी तरुण व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेऊ म्हणतो, तेव्हा त्याच्यापुढे तीन वाटा असतात. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकावे, कचेरी सुटल्यावर सायंवर्गास जावे, किंवा घरी राहून दूरशिक्षण घ्यावे. या वाटा जाहिरातींनी पाडलेल्या नाहीत. त्यांच्यामागे गरजांचा इतिहास आहे.

१९४७ च्या फाळणीने दिल्लीत निर्वासितांचे लोंढे आणले. दिवसा मिळेल ते काम करणाऱ्या या तरुणांसाठी पंजाब विद्यापीठाने येथे ‘कँप कॉलेज’ काढून सायंकाळी वर्ग चालविले. पुढे १९५४ मध्ये डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या पुढाकाराने दिल्ली विद्यापीठात व्यवस्थापनशिक्षणाचा पाया घातला गेला. १९६१ मध्ये अहमदाबाद व कलकत्ता येथे संस्था निघाल्या आणि पूर्णवेळ, निवासी शिक्षणाला प्रतिष्ठा लाभली.

पण ज्याला सायंकाळही मोकळी नाही, त्याने काय करावे? डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीच्या शिफारशीनंतर १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. त्याच वर्षी आपले चिंतामणराव देशमुख तेथे कुलगुरू झाले, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट. आरंभी हा मार्ग बी. ए. पुरताच होता. १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८७ मध्ये त्याने जे पहिले अभ्यासक्रम काढले, त्यांत व्यवस्थापनाची पदविका होती. व्यवस्थापनविद्या अशी टपालाने नोकरदाराच्या घरी पोहोचली.

मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष आहेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. कायद्यापुरता वाद मिटला. परंतु पदव्यांचा दर्जा एक ठरला, तरी त्यांची किंमत एक होत नाही. पूर्णवेळ शिकणारा आपला पगार देतो. सायंवर्गाला जाणारा मुलाबाळांतली संध्याकाळ देतो. दूरशिक्षण घेणारा गुरूचा सहवास व सहाध्यायांची सोबत गमावतो, आणि पुस्तक उघडण्याची शिस्त त्याला एकट्यालाच पाळावी लागते.

म्हणून, श्रोतेहो, कोणती पदवी श्रेष्ठ, असे विचारण्याऐवजी आपल्यापाशी द्यायला काय आहे, हे आधी पाहावे. ज्याला व्यवसायच पालटायचा आहे, त्याने पूर्णवेळ शिकणे इष्ट. ज्याला आहे त्याच कामात पुढे जायचे आहे, त्याला सायंवर्ग हितकर, कारण रात्री शिकलेले तो सकाळी टेबलावर पडताळून पाहू शकतो. आणि बदलीचा हुकूम केव्हा हाती पडेल याची ज्याला शाश्वती नाही, त्याच्यासोबत गावोगाव जाणारे विद्यापीठ एकच, ते म्हणजे दूरशिक्षणाचे. मात्र संस्थेची मान्यता पाहिल्यावाचून शुल्क भरू नये. पैसा पुन्हा मिळवता येईल. गेलेल्या संध्याकाळी परत येणार नाहीत.